समुद्रावर कूलर नसतो

४ मार्च, बुधवार

काल धुळवड झाली. आज लॅबमध्ये गर्दी. ज्यांना काल जास्त झाली ते आज लिव्हर तपासायला येतात, दरवर्षीचं आहे. दिवसभर रक्त काढलं. कोणी "ताई, हळू" म्हणालं की मी हळू करते. नाही म्हणालं तरी तेवढंच हळू असतं. डॉक्टर म्हणतात, वंदनाताईंचा हात थरथरत नाही. खरं आहे.

संध्याकाळी मुग्धा मागेमागे फिरत होती. बारावीची पोरगी, अभ्यास सोडून ओट्याशी उभी. शेवटी म्हणाली, "आई, दादाचं कळलं."

प्रणवचा मित्र तिला यवतमाळला भेटला होता. प्रणव कारवारच्या बाजूला आहे म्हणे. तिकडे समुद्राला लागूनच जंगल आहे, त्या जंगलातल्या कुठल्याशा लॉजवर स्वयंपाकाला. लॉजचं नाव मित्रालाही सांगितलं नाही. घरी सांगू नको म्हणाला.

मी कढई घासत होते. घासली. पालथी घातली.

५ मार्च

रडू येईल म्हणून वाट पाहिली. आलं नाही.

यांना सांगायचं नाही. मुग्धाला शपथ घातली. मागे पुण्यातला पत्ता असाच मित्राकडून कळला होता. हे लगेच ट्रॅव्हल्सने गेले. तोवर पोरगा काम सोडून निघूनही गेला होता. हे येणार ते त्याला कसं कळलं, देव जाणे. परत आले, चपला काढल्या, म्हणाले, "नाही भेटला." त्यानंतर यांच्या तोंडून ते नाव निघालं नाही. मीही इथे प्र. एवढंच लिहीन. पूर्ण लिहायला घेतलं की पेन अडतं.

आता पुन्हा कुणकुण लागली तर तिथूनही जाईल. मग कुठे शोधायचं?

८ मार्च, रविवार

जेवताना विषय काढला. मुग्धाची मे महिन्यातली मेडिकल प्रवेशाची परीक्षा झाली की कुठे जाऊ या का.

"जाऊ ना. कळंबले चिंतामणीचं दर्शन घेऊन येऊ. संध्याकाळी वापस."

"समुद्रावर."

"समुद्र?"

"कारवारकडे. तिकडं समुद्राजवळ जंगल असते. जंगलातच राहाचे लॉज असतात."

यांनी घास खाली ठेवला. "अवं, टिपेश्वरचा वाघ आपल्या लोकाइच्या वावरात येऊन बसते. अन् तू झाडं पाहाले इतक्या दूर चालली? पांढरकवड्याच्या माणसानं जंगल पाहाले जाणं म्हणजे हलवायानं पेढे विकत घेणं झालं."

मुग्धा हसली. मीही हसले असेन.

नाही म्हणाले नाहीत. हे हो कधी म्हणतच नाहीत, नाही म्हणायचं थांबतात. तेच हो.

११ मार्च

मोबाइलवर लॉज बघते. सगळे सारखेच. हिरवं, ओलं, झोपाळा, झोपाळ्यावर पुस्तक घेऊन एक बाई. खोल्या, पलंग, बाथरूम मी बघतच नाही. फोटोच्या कोपऱ्यात ताट घेऊन येणारा कोणी दिसतो का तेवढं बघते. बहुतेक ठिकाणी नुसता हात दिसतो. हातावरून ओळखू येईल असं वाटलं होतं. लहानपणी तळणीचं तेल उडालं होतं त्याच्या मनगटावर, डाव्या. फोटोत सगळी मनगटं गोरी करून ठेवतात.

मुग्धा म्हणते, "सरळ फोन करून विचार ना, दादाच्या नावाचा कोणी आहे का." आणि मग? "तुझ्या घरून फोन आलता" असं कोणी ना कोणी त्याला सांगणारच. संध्याकाळपर्यंत बॅग भरून तयार.

तर गिऱ्हाईक म्हणून विचारायचं. जेवण कसं, कोण करतं, तिखट मिळेल का.

१५ मार्च, रवि.

हे म्हणाले, "पाह्यलं का लॉज?"

"पाहून राह्यली."

"एकच विचार, कूलर हाय का. एसी नको, एसीनं माझे गुडघे धरते. मे महिन्यात बिना कूलरचं झोपणं होत नाही."

मुग्धा कपाळाला हात लावून म्हणाली, "बाबा, समुद्रावर कूलर नसते."

"कायले नसन? उन्हाळा त्याइले नाही का?"

१९ मार्च, पाडवा

गुढी उभारली. कडुलिंब वाटला. गाठीचा एक हार जास्तीचा आणला, दरवर्षी दोन आणते, दोन पोरं. हार देवापाशी ठेवला. मुंग्या लागल्या.

दुपारी पहिला फोन. 'झाडावरचं घर' म्हणते मी त्याला, खरं नाव इंग्रजी आहे, लक्षात राहत नाही. कारण असं की त्यांच्या जेवणाच्या फोटोत पिवळ्या चौकोनी वड्या होत्या. मी फोटो मोठा करकरून बघितला. पाटोडी. बेसनाच्या वड्या, खाली लाल रस्सा. ती आमच्याशिवाय कोण करणार? प्र. बारा वर्षांचा असताना पहिल्यांदा त्याने तीच केली होती, मला ताप होता म्हणून.

माणूस हिंदीत बोलला. वो पीला वाला? मॅडम, वो पाइनएपल है.

खालचा लाल रस्सा म्हणजे प्लेट.

कूलरचं विचारायचं राहिलं. यांनी संध्याकाळी विचारलंच. खोटंच सांगितलं, लॉजवाले नाही म्हणाले.

२४ मार्च

काही लिहायला नाही. लॅब, घर. मुग्धा अभ्यासाला गच्चीवर.

२८ मार्च, शनि.

आज दोन फोन. एकाकडे स्वयंपाकी म्हातारा आहे, केरळचा. दुसऱ्याकडे जेवणच नाही, बाहेरून मागवा म्हणे. कूलरचं दोघांना विचारलं. एकाला कूलर म्हणजे काय तेच कळेना, त्याला वाटलं पाण्याचा. दुसरा म्हणाला, "मॅडम, इधर हवा में ही पानी है, उसमें और पानी काहे को डालना?"

यांना सांगितलं. विचार करून म्हणाले, "बरोबर हाय त्याचं." पण पुन्हा, "तरी विचारत राह्य. एखाद्याकडं असन."

२ एप्रिल

लॅबमध्ये एक आजीबाई आल्या, झरीकडच्या. शीर सापडेना. मी चोळून चोळून काढली. त्यांनी विचारलं, "पोरं किती बाई तुले?" दोन म्हटलं. "काय करतेत?" मुलगी बारावीला, मुलगा स्वयंपाक करतो. तोंडातून गेलं. आजी म्हणाल्या, "बरं हाय. उपाशी नाही राहात असन मंग."

घरी येताना ते डोक्यात राहिलं. असं कोणी या बाजूने बघितलंच नव्हतं.

त्या दिवाळीचं इथे कधी लिहिलं नाही. आज लिहिते. पुण्याला स्पर्धा परीक्षेच्या क्लासला ठेवला होता. दिवाळीला आला आणि म्हणाला, क्लास सोडला, हॉटेलात स्वयंपाक शिकून राह्यलो, मले आवडते. घर पाहुण्यांनी भरलेलं. हे सगळ्यांसमोर म्हणाले, "लोकाइची उष्टी भांडी घासाले धाडलं होतं का तुले? साहेब झाला तरच ये या घरात. नाही तं येऊ नको." आला नाही. बापाचं एवढं एकच त्याने ऐकलं.

५ एप्रिल, रविवार

कूलर काढला. मोठं काम असतं ते यांचं. माळ्यावरून उतरवायचा, गंज घासायचा, गवताच्या ताट्या बदलायच्या, मोटार तपासायची, हॉलच्या खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर चढवायचा. पूर्वी दुसऱ्या बाजूने धरायला प्र. असायचा. आज शेजारच्यांना हाक मारली.

कूलर लागला की आमच्या गाद्या हॉलमध्ये येतात. एकच कूलर, सगळ्यांनी त्याच्यासमोर झोपायचं. अगदी खिडकीखालची जागा प्र.ची. त्यावरून मुग्धाची आणि त्याची रोज मारामारी. आता जागा मोकळी आहे तर मुग्धा तिथे झोपत नाही. मीही नाही, हेही नाही. तिघं भिंतीकडे सरकून झोपतो. कूलरचा वारा मधल्या फरशीवरून जातो.

९ एप्रिल

४३ डिग्री. लॅबमधलं फ्रीज कुरकुरतंय.

मुग्धा म्हणाली, "आई, तुला त्याला भेटायचं आहे ना? की नुसतं कुठे आहे ते कळायला पाहिजे?" खरंच माहीत नाही. भेटल्यावर काय करतात तेही आठवत नाही. पोरी आजकाल असे प्रश्न विचारतात आणि मग पाणी प्यायला निघून जातात.

१२ एप्रिल, रविवार

सावकाश लिहिते.

सकाळी हॉलमध्ये बसून वर्षाच्या डाळीला एरंडेल चोळत होते. दोन्ही हात कोपरापर्यंत तेलकट. मुग्धाने फोन लावून दिला, स्पीकरवर ठेवून परातीजवळ ठेवला आणि आंघोळीला गेली. यादीत खाली राहिलेलं 'हिरवं फाटक'. फोटोही धड नव्हते त्याचे, म्हणून मागे पडलं होतं. हे खिडकीबाहेर नळीने कूलर भरत होते. फोन लॉजचा, त्यात लपवण्यासारखं काही नाही, म्हणून मी खिडकी लावली नाही.

बाई मराठीत बोलली, तिकडच्या हेलाची. खोली आहे, समुद्र चालत जवळ, मागे लगेच जंगल, पावसाआधी जळवा नसतात, घाबरू नका. मग मी विचारलं कूलरचं.

ती हसायलाच लागली. थांबेना.

"अहो बाई, कूलर! तुम्ही विदर्भातल्या काय?"

"हो, यवतमाळकडच्या. कसं ओळखलं?"

"आमच्या स्वयंपाकघरात आहे एक मुलगा तुमच्याकडचा. गेल्या वर्षी आला तेव्हा पहिल्याच दिवशी विचारतो कसा, मावशी, कूलर कुठं लावला? आम्ही अजून चिडवतो त्याला. त्याचं नावच कूलर पडलंय इथं."

मी डाळ चोळत राहिले.

"तिखट करतो का तो?"

"विचारू नका! त्या बेसनाच्या वड्या करतो रश्श्यातल्या, पाहुणे रडतात आणि पुन्हा मागतात. गुणी आहे. बोलता काय त्याच्याशी? गाववाले म्हणून बरं वाटेल त्याला. थांबा हां, हाक मारते."

"नको!" मी एवढ्या जोरात ओरडले की बाथरूममधून मुग्धाने विचारलं काय झालं. "नको हो, कामात असेल. आम्ही येणारच आहोत."

"या, या," म्हणाली. तिने फोन ठेवला. माझ्या हाताला तेल, मला ठेवता येत नव्हता.

मग पाण्याचा आवाज. कूलरची टाकी भरून वाहत होती, अंगणभर पाणी, तुळशीपर्यंत गेलं. नळ चार दिवसांनी येतो आमच्याकडे. हा माणूस पेल्यात उरलेलं पाणीसुद्धा झाडाला घालायला लावतो. मी हाक मारली, "अहो, पाणी!" उत्तर नाही. परत मारली. "हो, हो," म्हणाले, तरी नळी बंद व्हायला वेळ लागला. ऐकू कमी यायला लागलंय की काय. कान तपासून घ्यायला पाहिजेत.

डाळ पूर्ण केली. डबे भरले. वर लवंगा टाकल्या. सगळं नेहमीसारखं. मुग्धाला सांगितलं तेव्हा ती रडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिचे धुतलेले केस तेलकट झाले.

१३ एप्रिल

कळलं. आता काय?

तिथेच राहायचं ठरवलं तर हे आणि तो एका ताटासमोर येणार. तो वाढायला येणार, बाजूला परकी माणसं, आणि हे काही बोलले तर? यांची जीभ पाहुण्यांसमोरच सुटते. पुन्हा तसंच झालं तर तो कायमचाच जाईल, मग जंगल नाही आणि लॉज नाही.

मुग्धा म्हणते, जवळच दुसरीकडे राहू, आपण दोघी फिरायच्या निमित्ताने जाऊन भेटू. बाबांना कळायचं कारण नाही.

हे शहाणपणाचं आहे. शेजारी एक बरं आहे, एसीवालं.

१६ एप्रिल

यांना दोन्ही ठिकाणं सांगितली. एक एसीवालं, समुद्राला अगदी चिकटून, गॅलरीतून लाटा दिसतात. दुसरं जरा आत, जंगलाकडे, साधं. मी एसीवाल्याचं जास्त कौतुक केलं. गुडघ्यांसाठी चादर घेऊ म्हटलं.

पेपर वाचत होते. "दुसऱ्याचं जेवण कसं हाय?"

"तिखट असते म्हणे."

"मंग तेच घे. समुद्र काय, कुठूनही दिसते."

मी म्हटलं, तिथे कूलर नाही. एसीही नाही. नुसता पंखा.

"चालते."

चालते! ज्या माणसाने महिनाभर कूलर कूलर करून माझा जीव खाल्ला. पेपर मात्र उलटवला नाही बराच वेळ. एकच पान.

२० एप्रिल, सोमवार

काल अकिती, अक्षय्य तृतीया. घागर भरली, यांच्या बाबांच्या नावाने आंब्याचा रस, कुरडया. यांनी पानावर पाणी सोडलं आणि बसून राहिले. "काय झालं?" म्हटलं. "काही नाही. बापानं मले कधी शाबास म्हटलं नाही, ते आठवलं." उठून हात धुतले.

आज बुकिंग केलं. हिरवं फाटक. बाईने विचारलं किती जण. तीन म्हटलं. ती म्हणाली कूलरला सांगते तुमच्याकडचे पाहुणे येतायत म्हणून. मी म्हटलं, सांगू नका, आयत्या वेळी गंमत करू. माझ्या आवाजात गंमत कुठून आली कुणास ठाऊक.

मला भीती वाटते. हे आज स्पष्ट कळलं, बऱ्याच दिवसांनी काहीतरी स्पष्ट कळलं. दोघांची भीती वाटते. तो पळेल याची आणि हे बोलतील याची.

३ मे, रविवार

मुग्धाची प्रवेश परीक्षा झाली. बरी गेली म्हणते. केंद्राबाहेर हे उन्हात उभे होते दुपारभर, टोपी घालून. सावलीत या म्हटलं तर आले नाहीत.

७ मे

बॅगा. हे बाजारातून आले, पिशवीत भिवापुरी मिरचीचं तिखट. चांगलं किलोभर. "तिकडं कायले लागते एवढं?" मी विचारलं. "तिकडचं तिखट फिकं असते म्हणते," एवढंच. कोण म्हणते, ते बोलले नाहीत. माझ्या बॅगेत तळाशी ठेवून दिलं स्वतःच्या हाताने.

मुग्धा माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे. तिने नकारार्थी मान हलवली, तिने सांगितलं नव्हतं.

९ मे, शनिवार

दुपारी लाइट गेली. ४५ डिग्री. कूलर थांबला की घर एकदम गप्प होतं. तिघंही हॉलमध्ये, मुग्धा पुठ्ठ्याने वारा घेत झोपून गेली. हे खिडकीखालच्या त्या मोकळ्या फरशीकडे बघत बसले होते.

म्हणाले, "एक अख्खा उन्हाळा बिना कूलरचा काढला त्यानं. हा दुसरा. तिथं तं घामही वाळत नाही म्हणते."

अंगणातलं ते पाणी आठवलं. यांचे कान चांगले आहेत.

मीच विचारलं, "त्या बाईले फोन करून सांगू का मंग? आपण कोण हाय ते?"

"नको." लगेच म्हणाले. "सांगू नको. मागं मी तेच केलं."

"काय केलं?"

"पुण्याले उतरलो अन् स्टँडवरून फोन केला त्याले. मित्रानं नंबर देलता. म्हटलं, मी येऊन राह्यलो." गुडघे चोळले. मग, "म्हटलं, जेवाले येऊन राह्यलो. पाटोडी कर."

बाहेर शेजाऱ्यांचं कुत्रं आमच्या कूलरखालच्या ओल्यात येऊन झोपलं होतं. हे त्याच्याकडे बघत होते.

"त्यानं 'बरं' म्हटलं होतं, वंदना. मी त्याच्या खोलीवर गेलो तं ताट वाढून झाकून ठेवलं होतं. तो नव्हता."

"खाल्लं तुम्ही?"

"खाल्लं."

एवढे दिवस यांनी मला हे सांगितलं नाही. नाही भेटला, इतकंच सांगितलं. मला राग यायला हवा होता. राग नाही आला. पाण्याचा पेला यांच्याकडे सरकवायला घेतला तर पाणी सांडलं. माझा हात थरथरत होता. मी दुसऱ्या हाताने धरला, तोही तसाच.

"चांगली होती का?"

"मीठ कमी होतं," म्हणाले. "तेवढं एक सांगाचं राह्यलं त्याले. बाकी चांगली होती."

लाइट अजून आली नाही. उद्या सकाळची गाडी आहे.